गॅदरिंगला परींचं जंगल बसवताय? मेंडेल्सन घ्यायचा की चायकोव्स्की

पोरांचा जादूच्या जंगलाचा नाच बसवायचा म्हटलं की पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातले दोन पर्याय हमखास पुढं येतात, संगीतकार मेंडेल्सनच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधलं स्केर्त्झो (चपळ, खेळकर वाद्यरचना) आणि संगीतकार चायकोव्स्कीच्या 'नटक्रॅकर'मधला शुगर प्लम फेअरीचा नाच. पण नुसतं हेडफोन लावून ठरवू नका, कार्यक्रम शाहू स्मारकसारख्या बंद हॉलमध्ये आहे की शाळेच्या ग्राउंडवर मांडवात, ते आधी बघा.

माझं मन मेंडेल्सनकडंच ओढ घेतं. शेक्सपियरच्या ह्या नाटकावरचं ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीची वाद्यरचना, त्यानं 1826 मध्ये लिहिलं तेव्हा पोरगा 17 वर्षांचा होता, स्केर्त्झो आलं थेट 1842 मध्ये, तरी जंगल तेच! व्हायोलिनं इतक्या हळू आवाजात आणि चपळ पळतात की पाचोळ्यातून काहीतरी सरसरत गेल्यासारखं वाटतं, आणि ओव्हर्चरमध्ये तर गाढवाचं रेकणंसुद्धा आहे, लै भारी. पण ते 12 मिनिटांच्या आसपास जातंय, नाचाला स्केर्त्झोच बरं, साधारण साडेचार मिनिटं, आणि शेवटी बासरी एकटीच पळत सुटते तिथं स्टेजवर एकच परी ठेवा बघा. फक्त ताल तीनाचा आणि वेग जबरदस्त, एकेक मात्रा मोजायला लावली तर पोरं गोंधळणार, तीन मात्रांना एक पाऊल असं शिकवा. आणि मांडवात जनरेटरची घरघर, मागं पालकांच्या गप्पा, तिथं ही नाजूक व्हायोलिनं ऐकूच येत नाहीत ओ.

ग्राउंड असेल तर सरळ चायकोव्स्की. 1892 चं बॅले, त्यात सेलेस्टा नावाचं वाद्य आहे, दिसायला पियानोसारखं पण आत हातोड्या स्टीलच्या पट्ट्यांवर पडतात, म्हणून तो काचेसारखा किणकिणता आवाज. खाली व्हायोलिनच्या तारा बोटानं छेडलेल्या, मधूनच बास क्लॅरिनेट (जाड आवाजाचं फुंकवाद्य) खाली उतरत येतो, वाद्यांची गर्दी नाही, त्यामुळं प्रत्येक सूर सुटा कळतो आणि दोनाचा ताल पहिली-दुसरीची पोरंपण पकडतात. गोष्टीत ही परी मिठाईच्या राज्यातली आहे, जंगलातली नाही, पण हिरवा लाइट टाकला की चालून जातंय. दोनेक मिनिटांत संपतं तेवढं लक्षात ठेवा.

राक्षसाची एंट्री असेल तर संगीतकार ग्रीगचं 'हॉल ऑफ द माउंटन किंग' जोडा.

रचना जुन्या, त्यांच्यावर आता हक्क नाही, पण रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो, व्हिडिओ यूट्यूबवर टाकणार असाल तर म्यूझओपन ह्या वेबसाइटवर लायसन्स बघून फाइल घ्या.