मण्यांची टाकी की दोन काचांमधली फट?

खारं पाणी गोड्या पाण्याखाली कसं सरकतं, हा प्रोजेक्ट घेणारी नाशिकची मुलं माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. काचेच्या मण्यांनी भरलेली टाकी करायची, की हेले-शॉ सेल, म्हणजे दोन काचांमधली बारीक फट?

गोदावरीच्या वाळूचा विचार आधी सोडा. ती बेसाल्टची, काळपट. मी एकदा दोन दिवस धुऊन-चाळून ती भरली; लाल रंग आत शिरला तो फोटोत दिसलाच नाही.

फट एका दुपारी तयार होते. दोन काचा, कडेला पट्ट्या, क्लॅम्प. वरून रंगीत खारं पाणी सोडलं की खाली उतरणारी लांब बोटं दिसतात, आणि ती पहिल्यांदा पाहताना खरंच भान हरपतं. संशोधक एल्डर यांनी 1967 मध्ये खालून उष्णता देऊन केलेले प्रयोग अशाच फटीतले. अडचण वेगाची आहे. फटीची पारगम्यता, म्हणजे ती पाणी किती सहज वाहू देते ते, रुंदीचा वर्ग भागिले 12 इतकी असते. 1 मिमी फट 1 मिमी मण्यांच्या थरापेक्षा साधारण शंभरपट पारगम्य निघते, त्यामुळे सगळं झरझर उरकतं. मण्यांशी बरोबरी हवी तर फट 0.1 मिमी लागते, आणि दोन काचा सगळीकडे तेवढ्याच अंतरावर ठेवणं सोपं नाही. शिवाय आत कण नाहीत, म्हणून कणांना वळसे घालताना होणारं मिसळणंही नाही.

आपल्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून वाहतं, मग फटच जवळची नाही का, असं मुलं विचारतात. मुद्दा चांगला आहे. पण खडकातली भेग खडबडीत असते, कुठे मिटलेली, कुठे उघडी. गुळगुळीत काच तिची जागा घेत नाही.

किनाऱ्यालगत घुसणारी खाऱ्या पाण्याची पाचर दाखवायची असेल, तर मी टाकीच सांगेन. आत 2-3 सेंमी जाडी पुरे. मागून एलईडीचा उजेड आरपार येतो. लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलं की घनता समुद्राच्या पाण्याजवळ, गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जास्त होते. आता हिशेब करा: 30 सेंमी उंचीच्या खाऱ्या पाण्याला तोलायला गोडं पाणी जेमतेम साडेसात मिलिमीटर जास्त लागतं. सगळा खेळ तेवढ्यातच. पातळी दोन मिलिमीटर हलली तरी पाचर जागा सोडते, म्हणून दोन्ही बाजूंना ओव्हरफ्लोची नळी हवीच, डोळ्यांच्या अंदाजावर भागत नाही.

भरताना घाई करू नका. पाणी उकळून गार करा, टाकीत आधी पाणी घ्या आणि मणी त्यात थोडेथोडे सोडा. प्रत्येक थरानंतर लाकडी पट्टीने बाहेरून हलकेच ठोका. काचेला चिकटलेला एक बुडबुडा राहिला तरी रंग त्याला वळसा घालून जातो, आणि तो डाग शेवटच्या फोटोपर्यंत राहतो.

लिटरला 2 ग्रॅमसारखं फिकं द्रावण वापरणार असाल, तर डिसेंबरात दोन्ही पाणी रात्रभर एकाच खोलीत ठेवा. 25 अंशांचं पाणी 30 अंशांच्या पाण्यापेक्षा जवळपास तेवढंच जड असतं, जेवढं ते मीठ त्याला करतं.