स्वाकोपमुंडची वाळवंट सफर: वीतभर सापासाठी घालवलेली एक सकाळ

माझी सापांशी ओळख फुरशापासून सुरू झाली. लांज्याकडच्या आमच्या सड्यावर पाऊस ओसरला की जांभ्याच्या दगडाखाली हमखास फुरसं निघायचं. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढायचं आणि पळताना तिरकं सरकायचं. तशीच तिरकी चाल असलेला एक चिमुकला साप आफ्रिकेच्या नामिब वाळवंटात राहतो, तोही फुरशाच्याच कुळातला, हे कळल्यापासून तो बघायचा होता. यंदा ऑक्टोबरात दादा-वहिनींबरोबर नामिबियाला जायचा योग आला, तेव्हा स्वाकोपमुंडमधली अर्ध्या दिवसाची वाळवंट सफर मी त्या एकाच सापासाठी घेतली. त्याचं नाव पेरिंग्वे ॲडर.

कंपनीचं नाव लिहीत नाही. गावात अशा सफरी नेणारे बरेच जण आहेत आणि मला सांगायचंय ते आमच्या गाइडच्या पद्धतीबद्दल. सफर निवडताना तीच विचारून घ्या.

सकाळी आठला गाडी हॉटेलपाशी आली. गाइड धरून आम्ही आठ जण. थोड्याच वेळात डोरोब राष्ट्रीय उद्यानातल्या वाळूच्या टेकड्या सुरू झाल्या आणि त्यांच्यावर दाट धुकं. किनाऱ्याला लागून बेंग्वेलाचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे इथे पाऊस वर्षाला २५ मिलिमीटरही पडत नाही. लांज्यात तेवढा एका दुपारी पडतो. पाणी मिळतं ते या धुक्यातून. गाइड खडकाळ पठारावरून जाताना गाडी आधीच्या चाकोरीबाहेर तसूभरही जाऊ देत नव्हता. तिथल्या दगडांवर दगडफूल वाढतं, त्यावरून एकदा चाक गेलं की तो ओरखडा कित्येक वर्षं भरून येत नाही.

वाळूत उतरल्यावर त्यानं बूट काढले आणि आम्हाला मागे थांबवून एकटाच पुढे गेला. दहा-पंधरा मिनिटांनी हात केला. मला वाटलं साप सापडला. साप नव्हता, माग होता. वाळूवर तिरक्या, एकमेकींना न जोडलेल्या रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, प्रत्येकीच्या टोकाला छोटंसं वळण. एका रेघेची लांबी म्हणजे जवळजवळ सापाचीच लांबी, २०-२५ सेंटीमीटर. वळण कुठल्या टोकाला आहे त्यावरून साप कुठल्या दिशेनं गेला ते कळतं. अंगाचा थोडाच भाग एका वेळी टेकवत पुढे जायचं, म्हणजे सुटी वाळू खाली घसरत नाही. हे सगळं त्यानं साप दाखवायच्या आधी, मागावर बसवून समजावलं. मग म्हणाला, आता तुम्हीच शोधा.

माग डॉलर बुशच्या एका झुडपापाशी संपत होता. त्याची पानं नाण्यासारखी गोल आणि जाड. बुंध्याशी काहीच नव्हतं. वहिनीला आधी दिसला. वाळूत दोन डोळे, बस. या सापाचे डोळे डोक्याच्या बाजूला नसतात, वर असतात. अंग थरथरवत तो वाळूत बुडतो आणि फक्त डोळे, फार तर शेपटीचं टोक बाहेर ठेवतो. रंग वाळूचाच, त्यामुळे एकदा नजर हलली की पुन्हा शोधावा लागतो. मला तीनदा शोधावा लागला.

गाडीतल्या एका प्रवाशानं काठीनं बाहेर काढायची विनंती केली. पूर्ण साप दिसल्याशिवाय फोटोला अर्थ काय, असं त्याचं म्हणणं. गाइडनं नम्रपणे नकार दिला. बाहेर ओढला तर तो फुसफुसेल, पळेल, तापत चाललेल्या वाळूवर नवी जागा शोधत फिरेल, आणि तुम्हाला दिसेल तो घाबरलेला साप. शिकार करणारा साप दिसणार नाही, असं तो म्हणाला. मला हे मनापासून पटलं. आपल्याकडे नाग-घोणस पकडून शेपटीला धरून काढलेले फोटो मी ढिगानं पाहिलेत. २०११ सालचे माझेही काही आहेत आणि ते मी आता कुणाला दाखवत नाही. त्यातल्या एकाही फोटोतून साप कसा जगतो ते कळत नाही.

दुसरं कारण विषाचं. आपल्याकडची सर्पदंशाची प्रतिलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. या छोट्या ॲडरवर चालेल अशी प्रतिलस नाही. चावला तर दुखणं आणि सूज सोसत लक्षणांवर उपचार घ्यायचे. म्हणून गाइडनं सापापासून एक मीटरवर वाळूत बोटानं रेघ ओढली आणि कॅमेऱ्याचं टोकही तिच्या आत आणायचं नाही, असं बजावलं.

इथे माझ्यासारख्या फोटो काढणाऱ्यांना एक सांगते. मी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणारी, घेऊन गेले होते. ती पिशवीतच राहिली, कारण तिच्यानं चांगला फोटो काढायचा तर फारच जवळ जावं लागतं. कामाला आली दादाची लांबचं टिपणारी झूम लेन्स, कॅननची १००-४००, जुन्या ईएफ माउंटची दुसरी आवृत्ती. ती ९८ सेंटीमीटरवर फोकस होते, म्हणजे नेमकी त्या रेघेवरून. पोटावर झोपायचं, लेन्सखाली वाळू भरलेली छोटी थैली ठेवायची आणि नजर सापाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणायची. उभ्यानं काढलेल्या फोटोत नुसती वाळू येते. धुकं असेपर्यंत उजेड मऊ असतो, खवल्यांवरचे वाळूचे कण मोजता येतील इतके स्पष्ट येतात. दहानंतर हवा तापून थरथरते आणि लांबच्या लेन्सचे फोटो धूसर येतात. वाळू आत जाऊ नये म्हणून लेन्स गाडीतच बदला.

आणि मग ते घडलं. एक वाळूसरडा झुडपाकडे धावत आला. सापाच्या डोळ्यांपासून जेमतेम चार बोटांवर शेपटीचं टोक वाळूबाहेर आलं आणि अळीसारखं वळवळू लागलं. बाकी अंग निश्चल. सरडा थबकला, मान तिरकी केली, एक पाऊल पुढे आला आणि अचानक दुसरीकडे पळाला. शेपटी पुन्हा वाळूत गेली. पंधरा-वीस सेकंदांचा खेळ. माझ्याकडे त्याचे सहा फोटो आहेत, दोनच धड आलेत, पण त्या दोनांत आमिषही आहे आणि दबा धरलेले डोळेही. काठीनं उकरला असता तर यातलं काहीच दिसलं नसतं.

धुकं अंगावर साचलं की हा साप अंग पसरट करून ते थेंब जिभेनं टिपतो, हे मात्र मला बघायला मिळालं नाही. बाकी पाणी त्याला सरड्यांच्या शरीरातून मिळतं.

तक्रार एकच, पण मोठी. आम्हाला सापापाशी फक्त २५ मिनिटं मिळाली. गाडीत सगळ्या आवडीचे लोक, त्यामुळे पुढे जावंच लागलं. पुढचं वाईट नव्हतं: उन्हाकडची बाजू काळी करून ऊब घेणारा नमाक्वा सरडगुहिरा, बोटांना पडदे असलेली, जवळजवळ पारदर्शक पाल, लोहचुंबकाला चिकटणारी काळी वाळू. लहान मुलं असतील तर त्यांना हा भाग सापापेक्षा जास्त आवडेल. पण माझं मन त्या झुडपापाशीच होतं. वेगळी गाडी केली तर एकाच ठिकाणी हवा तितका वेळ थांबता येतं, हे आम्हाला परतताना कळलं. बुकिंग करताना कुणी सांगितलं नव्हतं. पैसे बरेच जास्त पडतात, तरी फोटोसाठी जाणाऱ्यांनी तेच करावं, आणि सफर पक्की करण्याआधी गाइड साप उकरून दाखवतो का, हे विचारावं. उत्तर हो आलं तर दुसरीकडे चौकशी करा.

निघताना गाइडनं एक मीटरची ती रेघ पायानं पुसली. तेव्हाही दोन डोळे तिथेच होते.