सिंगापूरची मेट्रो आणि बस : टॅक्सीचा खर्च वाचवा, पण कार्ड तपासून न्या

सहकुटुंब सिंगापूरला निघालेल्या मराठी पर्यटकाच्या अंदाजपत्रकात टॅक्सीसाठी बरीच मोठी रक्कम धरलेली असते आणि माझ्या मते त्यातला बहुतेक खर्च अनावश्यक असतो. ७ नोव्हेंबर १९८७ रोजी सुरू झालेल्या तिथल्या मेट्रोच्या, म्हणजे स्थानिक लोक जिला एमआरटी म्हणतात तिच्या, आता सहा मुख्य मार्गिका आहेत. पर्यटक ज्या ठिकाणी जातात त्यांतली बहुतेक ठिकाणे मेट्रो आणि तिला जोडून असलेली बस यांच्या टप्प्यात येतात. एका प्रवासाचे भाडे अंतरानुसार साधारण सव्वा ते अडीच सिंगापुरी डॉलरच्या दरम्यान पडते. गाड्या स्वच्छ आणि थंडगार असतात व एक चुकली तर काही मिनिटांत दुसरी येते. यापलीकडे कौतुक करण्याची गरज नाही, कारण पाहुण्यांची अडचण गाडीत नव्हे, तर प्रवेशद्वाराशी होते.

मेट्रोची एका फेरीची तिकिटे २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे रोख पैसे देऊन मेट्रोत बसता येत नाही. कॉन्टॅक्टलेस सुविधा असलेले व्हिसा किंवा मास्टरकार्ड यंत्राला टेकवले की दार उघडते. मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपल्याकडची कार्डे मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात, म्हणून आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही व्यवहार बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वीच चालू करून घ्यावेत. चांगी विमानतळावर उतरल्यावर ओटीपी भारतातल्या सिमवर येण्याची वाट पाहत उभे राहणे हा सहलीचा चांगला शुभारंभ नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे एका कार्डावर एकाच माणसाला जाता येते. नवऱ्याने कार्ड टेकवून आत जायचे आणि तेच मागे बायकोच्या हाती द्यायचे, हा आपला घरगुती उपाय तिथे चालत नाही. सोबतच्या मोठ्या माणसाने भाडे भरले असेल, तर ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला कार्ड लागत नाही.

परदेशी बँकेचे कार्ड वापरल्यास प्रवासाच्या प्रत्येक दिवसामागे प्रत्येक कार्डावर ६० सेंट जादा लागतात आणि आपल्या बँकेचा चलन-बदलाचा आकार वेगळा. एका दिवसाच्या मुक्कामात ही रक्कम किरकोळ आहे. पण चौघांच्या कुटुंबाने आठवडाभर राहायचे असेल तर प्रत्येकासाठी ईझी-लिंक, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचे तिथले प्रवासाचे कार्ड, घेणे बरे, जरी कार्डाची किंमत परत मिळत नसली तरी. बँकेचे कार्ड टेकवल्यावर यंत्रावर भाड्याचा आकडा उमटत नाही, तो नंतर ॲपमध्ये पाहावा लागतो. जुन्या पद्धतीच्या ईझी-लिंक कार्डावर मात्र कापलेले भाडे आणि उरलेली शिल्लक तिथल्या तिथे दिसते. हा आकडा दिसणे तिथल्या लोकांना इतके महत्त्वाचे वाटते, की जानेवारी २०२४ मध्ये जुनी कार्डे बंद करण्याची घोषणा झाल्यावर उठलेल्या नाराजीमुळे सरकारला ती दोन आठवड्यांच्या आत मागे घ्यावी लागली. पर्यटकांसाठी अमर्याद प्रवासाचा पासही मिळतो, परंतु दिवसाला आठ-दहा फेऱ्या होणार नसतील तर तो परवडत नाही आणि लहान मुले किंवा वृद्ध सोबत असताना तितक्या फेऱ्या होत नाहीत.

बसला कंडक्टर नसतो. थांब्यावर उभे राहून हात दाखवल्याशिवाय बस थांबेलच असे नाही, आणि बसमध्ये रोख पैसे दिले तर सुट्टे परत मिळत नाहीत. चढताना कार्ड टेकवण्याचे सर्वांच्या लक्षात राहते. उतरताना टेकवणे राहून गेले, तर त्या बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. दोन्ही वेळा एकच कार्ड टेकवले, तर बसमधून मेट्रोत किंवा मेट्रोतून बसमध्ये बदललेला प्रवास ठरावीक वेळेच्या आत सलग धरला जातो आणि नव्याने मूळ भाडे लागत नाही. एवढे सांभाळले की दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरील पुढची जागा पकडावी. पर्यटन कंपन्यांच्या उघड्या बसचे तिकीट काढण्यापेक्षा चांगीहून ऑर्चर्ड भागाकडे जाणाऱ्या ३६ क्रमांकाच्या बसमधून शहर पाहणे मला केव्हाही पसंत आहे.

विमानतळावरून लिटल इंडियात मुक्कामाला जाणाऱ्यांनी एक्स्पो स्थानकावर उतरून डाउनटाउन मार्गिका घ्यावी, म्हणजे पुन्हा गाडी बदलावी लागत नाही. लिटल इंडियातूनच नॉर्थ ईस्ट मार्गिकेने थेट हार्बरफ्रंट गाठता येते, जे सेंटोसा बेटाचे प्रवेशद्वार आहे. सेंटोसा एक्स्प्रेसचे जातानाचे चार डॉलर वाचवायचे असतील तर शेजारच्या पादचारी मार्गाने चालत जावे. मात्र सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे भर दुपारी ही काटकसर अंगाशी येते.

या सेवेत मला खटकलेल्या गोष्टी दोनच. धोबी घाटसारख्या मोठ्या स्थानकांत एका मार्गिकेवरून दुसरीवर जाताना सरकते जिने आणि भुयारी वाटा यांतून बरेच चालावे लागते, जे गुडघेदुखी असलेल्यांनी आधीच लक्षात घ्यावे. दुसरी म्हणजे गाडीत खाण्यापिण्यावरची बंदी : पाण्याचा घोटही नियमात बसत नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो, आणि अशा हवेत लहान मुलांच्या दृष्टीने हे मला अतिरेकी वाटते. ड्युरियन हे उग्र वासाचे फळ नेण्यास मनाई आहे, तिच्याविषयी मात्र माझी अजिबात तक्रार नाही.

टॅक्सी खरी लागते ती रात्री. मध्यरात्रीच्या सुमारास मेट्रो बंद होते आणि पहाटे साडेपाचच्या आसपास पुन्हा सुरू होते. नेमक्या त्याच काळात, म्हणजे रात्री बारा ते सकाळी सहापर्यंत, मीटरच्या टॅक्सीला दीडपट भाडे पडते आणि विमानतळावरून निघाल्यास त्यावर आणखी अधिभार लागतो. त्यामुळे मुंबईहून पहाटे पोहोचणारे विमान असेल, तर सामान घेऊन लगेच रांगेत उभे राहण्याऐवजी विमानतळावरच चहा-नाश्ता करून पहिल्या गाडीची वाट पाहावी.