४४९ रुपयांची मोबाइल मॅक्रो लेन्स, अकरावीच्या मुलीने ८ महिने वापरली: लेन्स चांगली, स्प्रिंगने घात केला

आधी लेन्सच्या क्लिपमधल्या स्प्रिंगबद्दल सांगते, कारण हा रिव्ह्यू लिहायला बसले तेच तिच्यामुळे. त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी इथे रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला खडकात मुलगी वाकून फोटो काढत होती, क्लिपमधनं टिक्‌ असा आवाज आला आणि लेन्स सुटून सरळ डबक्यात. सापडली, नशीब. क्लिप मात्र दोन तुकडे. स्प्रिंग मधोमध गंजून तुटलेली, नुसता हात लावला तर तांबडी पूड पडत होती. ऑगस्टमध्ये घेतली आणि नोव्हेंबरात ही गत, म्हणजे तीन महिनेसुद्धा धड नाहीत.

लेन्स कुठली ते लिहीत नाही, अशा लेन्स पन्नास नावांनी विकतात आणि आतनं सगळ्या सारख्याच असतात. तीच ती, चिमट्यासारखी क्लिप, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसवायची, बारीक वस्तू मोठ्या दिसतात, बॉक्सवर मोठ्या अक्षरात २० एक्स, म्हणजे वीसपट. बाकीचं तुम्हाला माहीत असेलच.

घ्यायचं कारण असं की मुलीच्या क्लासमधून 'सायन्स एक्स्पोजर' म्हणून एक पॅकेज आलं होतं, दोन दिवस पुण्याला नेणार, प्रयोगशाळा दाखवणार, सर्टिफिकेट देणार, १४ हजार. अकरावी-बारावीत अभ्यासाशिवायही काहीतरी केलेलं असावं असं सगळेच सांगतात आणि ते मला पटतं, पण दोन दिवसांचे १४ हजार मला पटेनात. आणि मुलगीच म्हणाली, आई, मला इथलंच बघायचंय, फक्त जवळून बघायचंय. मग ही लेन्स मागवली.

पहिला महिना खडकांवर जायचा प्रश्नच नव्हता, पावसात समुद्राजवळ फिरकायचं नाही हा आमच्या घरचा नियम. तेव्हा ती सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर जायची. ऑगस्ट-सप्टेंबरात कातळावर काय फुलतं ते रत्नागिरीकरांना सांगायला नको, पण मी इतकी वर्षं इथे राहून दवबिंदू नावाचं रोपटं कधी निरखून बघितलं नव्हतं. लेन्समधून त्याच्या पानावरचा एकेक केस दिसतो, टोकाला चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट. कातळावरच्या त्या पातळ मातीत नायट्रोजन फार कमी, म्हणून ही झाडं किडे पकडून भरपाई करतात. शेजारीच सीतेची आसवं, निळी-जांभळी, ती पण किडेखाऊ, फक्त तिचे सापळे खाली पाण्यात-चिखलात असतात आणि टाचणीच्या डोक्याहून बारीक. हे सगळं आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. त्या महिन्यात मी लेन्सला पाच स्टार दिले असते.

मग फिजिक्समध्ये ऑप्टिक्सचा धडा आला आणि तिथनं माझं मत फिरलं. साध्या सूक्ष्मदर्शकाची वर्धनशक्ती, २५ सेंमी भागिले फोकल लेंथ (लेन्सपासून लांबच्या वस्तूची प्रतिमा स्पष्ट पडते ते अंतर), हे सूत्र अकरावीला आहेच. मुलीने लेन्स क्लिपमधून काढली, खिडकीसमोर कोरा कागद धरला आणि समोरच्या माडाची उलटी प्रतिमा कागदावर स्पष्ट येईपर्यंत लेन्स मागेपुढे केली. अंतर भरलं साधारण ४ सेंमी. २५ भागिले ४, म्हणजे सव्वासहा, आणि सूत्रात कधी अधिक एक करतात तो धरला तरी सव्वासात. २० एक्स व्हायला फोकल लेंथ सव्वा सेंटिमीटर लागते. तीनदा मोजलं, तीनदा तेच. मला इतका राग आला की तेव्हाच एक स्टार देऊन मोकळी होणार होते.

पण थांबले ते बरं झालं. कोजागिरीनंतर खडकांवर जायला लागल्यावर कळलं की खरी २० एक्स असती तर आमच्या काहीच कामाची नव्हती! लेन्स वस्तूपासून साधारण फोकल लेंथइतकी जवळ धरावी लागते, आणि सव्वा सेंटिमीटरवर फोन न्यायचा म्हणजे फोनचीच सावली पडते, फोन पाण्यात बुडतो, खेकडा तर कधीच पळालेला. ४ सेंमी अंतर डबक्यांसाठी एकदम योग्य आहे. म्हणजे बॉक्सवर खोटं लिहिलंय हे खरंच, आणि आतली वस्तू आमच्या उपयोगाची आहे हेही खरंच. तुम्ही घेणार असाल तर आकड्यावर जाऊ नका, माडाची प्रतिमा काढून स्वतः मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

खडकांवर काय बघितलं ते लिहायला लागले तर संपणार नाही, एकच सांगते. खडकाला ती पांढरी धारदार टोकं चिकटलेली असतात ना, ज्यांनी पाय कापतो, बार्नॅकल. मी जन्मभर त्यांना शिंपल्यातला प्रकार समजत होते. मुलीने मिठाईचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा पाण्यावर अलगद टेकवला, त्याने पाण्याची हलचाल आणि वरची चकाकी दोन्ही जातात, आणि त्यातनं व्हिडिओ घेतला. टोकाचं झाकण उघडतं, आतनं पिसासारखे पाय बाहेर येतात, पाण्यात हात मारल्यासारखे ओढतात, परत आत. एका सेकंदात. ते पाय आहेत, आणि हा प्राणी शिंपल्याचा नाही, खेकड्या-कोळंबीच्या गोतावळ्यातला आहे. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेन याची गणती नाही.

खडकांवर जायची वेळ कशी काढायची हा प्रश्न अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी सोडवला. मुलगी मोबाइलवर टाइड टेबल शोधत होती, ते म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर." चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी सव्वापाचच्या आसपास, पहाटे आणि संध्याकाळी. शिवाय तेव्हा उधाण, म्हणून पाणी जास्तीत जास्त मागे जातं, एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी फारसं मागे जात नाही तेव्हा, जाऊन उपयोग नाही. मुलीने दोन महिने वहीत तुलना केली, वेळ थोडी मागेपुढे होते पण अर्ध्या-पाऊण तासाच्या आत बसते. मग तिनेच कारण शोधलं की भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे ४५, त्यामुळे हिशोब जवळपास जुळतो. अण्णा शाळेत सातवीपर्यंत, त्यांना हे त्यांच्या वडिलांनी होडीवर शिकवलेलं. नात वहीत लिहून घेतेय म्हटल्यावर त्या दिवशी ते तासभर बोलत बसले, एरवी चार वाक्यांच्या वर जात नाहीत.

तर स्प्रिंग. कंपनीला फोटोसकट लिहिलं, उत्तर आलं की रिप्लेसमेंट ७ दिवसांतच मिळते आणि गंज म्हणजे नॉर्मल वेअर अँड टेअर. मी परत लिहिलं की मॅक्रो लेन्स लोक बाहेरच वापरतात, पाण्याजवळ वापरतात, आणि भारताला एवढा मोठा किनारा आहे, तिथे राहणाऱ्यांनी विकत घ्यायचीच नाही का? पुढच्या खरेदीवर ५० रुपयांचं कूपन पाठवलं. मला कूपन नको होतं. इथे खारी हवा सगळ्याच लोखंडाला खाते, कपड्यांच्या चिमट्यांच्या स्प्रिंगा गंजून शर्टावर तांबडे डाग पडतात हे प्रत्येक घरात माहीत आहे. पण आम्ही क्लिप दरवेळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तांदळाच्या डब्यात ठेवत होतो, याहून जास्त कोण काय करणार.

शेवटी १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवून नंबर मिळतो. ऑनलाइन विक्रीचे २०२० चे नियम आहेत, कंपनीला तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, हे लक्षात ठेवा, मेलमध्ये लिहा, फरक पडतो. आणि मुलगी म्हणाली गंजाचं राहू दे, २० एक्सचं लिही, ते त्यांना नाकारता येणार नाही. तिने स्वतः एका पानावर आकृती, तीन मापं आणि गणित लिहून दिलं, ते मी जोडलं. अठराव्या दिवशी पूर्ण ४४९ खात्यात परत आले, लेन्स परत मागितलीच नाही. पैसे आले याचा आनंद आहेच, पण अकरावीच्या पोरीच्या वहीतल्या गणिताला एका कंपनीला मान्यता द्यावी लागली याचा मला जास्त आहे.

तोवर इकडे क्लिप दुरुस्त झाली होती. मिरकरवाड्याच्या बाजूला बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो, तिथल्या काकांनी तुटकी स्प्रिंग बघूनच सांगितलं की ही साधी तार आहे, वर नुसता मुलामा, तो खरवडला की संपलं. स्टेनलेस स्टीलमध्येसुद्धा ३०४ नंबरचं नको, ३१६ घ्या म्हणाले, बोटीवर तेच वापरतात. मुलीने घरी येऊन वाचलं, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठातल्या क्लोराइडपुढे ते जास्त टिकतं. त्याच मापाची स्प्रिंग नव्हती, काकांनी ३१६ ची तार वळवून दिली. ३० रुपये. नोव्हेंबरपासून आज एप्रिलपर्यंत एक ठिपका गंज नाही, मी दर रविवारी तपासते. ३० रुपयांची तार त्यांनी कारखान्यात घातली असती तर त्यांना ती याहून कितीतरी स्वस्त पडली असती, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

कॉलेजच्या बाजूने थोडं सांगते. ती एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत आहे, वर्षाला १२० तासांचं काम असतं आणि वर ७ दिवसांचं शिबिर. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी किनारा स्वच्छतेचा दिवस असतो, तेव्हा हिने वाळूतले थर्मोकोलचे दाणे लेन्सखाली सगळ्यांना दाखवले, माशांच्या अंड्यांसारखे दिसतात. शिबिरात उक्षी गावचं कातळशिल्प बघायला गेले होते. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. हत्तीचं चित्र सगळ्यांनी बघितलं, हिने त्याच्या रेषेत वाढलेल्या शेवाळाचे फोटोही आणले.

आणि पर्यावरण व जलसुरक्षेचं प्रोजेक्ट. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतं, बरीच मुलं तेच देतात, मला त्या मुलांना बोलायचं नाही, सकाळी कॉलेज दुपारी क्लास, वेळच ठेवलेला नाही त्यांना. हिने पीव्हीसी पाइपची ५० सेंमी बाय ५० सेंमी चौकट केली, चार उधाणांना त्याच तीन जागी ठेवली आणि आत काय किती ते मोजलं. फोटो आयनॅचरलिस्टवर टाकते, ते ॲप फुकट आहे, जाणकार लोक नाव सुचवतात, दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं प्रजातीवर एकमत झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड' होते. तिच्या १३७ नोंदींतल्या ५२ झाल्या. कायटन नावाच्या, पाठीवर आठ पट्ट्या असलेल्या एका प्राण्यावर अजून दोघांचा वाद चालू आहे, रोज सकाळी दात घासायच्या आधी ती ते बघते. बाईंनी प्रोजेक्ट वाचून चौकट कॉलेजला मागून घेतली, पुढच्या बॅचला वापरायला.

घेणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. वाळू लागलेली लेन्स कोरड्या कपड्याने कधी पुसू नका, चरे पडतात, आधी गोडं पाणी ओता. जाड कव्हर असलेल्या फोनवर क्लिप नीट बसत नाही. प्राणी उचलू नका, दगड उलटलात तर परत तसाच ठेवा, त्याखाली कोणाचं तरी घर असतं. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख दिसले तर जिवंत असताना हातात अजिबात घेऊ नका, ती गोगलगाय विषारी डंख मारते. पाणी चढायला लागलं की निघायचं, एक फोटो राहिला तरी. एकटं जायचं नाही. आमच्याबरोबर आता शेजारच्या दोन मुली आणि एक बारावीचा मुलगा येतो, लेन्स एकच, पाळी लावतात.

स्टार चार. एक कापला तो स्प्रिंगचा, पैसे परत आले तरी तो परत देणार नाही, कारण बॉक्सवर अजून २० एक्सच छापतायत आणि तार अजून तीच आहे, शेजाऱ्यांनी मार्चमध्ये मागवलेली मी उघडून बघितली. त्यांच्या स्प्रिंगचं माप काकांकडे देऊन आलेय. या अमावास्येला सव्वापाचची ओहोटी आहे, त्याआधी मिळेल म्हणालेत.