खुळखुळ आवाजाच्या धास्तीने गेलेले 8,650 रुपये

जिन्यात फोन हातातून निसटला तेव्हा काचेवर साधा ओरखडाही उमटला नव्हता; मात्र पडद्याच्या खालच्या भागाला स्पर्श कळेनासा झाला होता. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या फोनच्या आत काय मोडले असेल, या धास्तीने मी दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि त्या माणसाने नेमके त्या धास्तीचेच पैसे केले.

त्याने फोन माझ्या कानाशी धरून हलवला. आत बारीक खुळखुळ वाजली. "ऐकलंत ना मॅडम? बोर्डावरची आयसी, म्हणजे चिप, सुटली आहे. आज केलं नाही तर फोन डेड होईल, डेटाही जाईल."

मला इथेच शंका यायला हवी होती. ती खुळखुळ फोन नवा असल्यापासून होती! कॅमेऱ्याचे चित्र स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेतील भिंग कॅमेरा बंद असताना थोडे सैल असते, म्हणून ते वाजते आणि कॅमेरा सुरू केला की आवाज थांबतो, हे मी पहिल्याच आठवड्यात स्वतः करून पाहिले होते. त्या काउंटरपुढे मात्र त्यातले काहीही आठवले नाही. आईच्या उपचारांची सगळी कागदपत्रे त्याच फोनमध्ये होती. 'डेटा जाईल' हे शब्द ऐकून माझ्या जागी कोणीही घाबरले असते.

तपासणीचे 350, आयसीच्या रिबॉलिंगचे (चिप काढून नव्याने डाख देऊन बसवण्याचे) 6,800 आणि स्ट्रिपचे (पडदा बोर्डाला जोडणाऱ्या पट्टीचे) 1,500, असे 8,650 रुपये मी यूपीआयने दिले. बिल मागितले तेव्हा "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो" असे उत्तर मिळाले; ते आजतागायत आलेले नाही. बिल हातात पडल्याखेरीज पैसे देऊ नका, आणि फोनचा पिन तर मुळीच सांगू नका.

फोन परत मिळाल्यावर पडद्याखालचा बोटाचा ठसा चालेना. रात्री दिवा मालवला, तेव्हा काळा पडदा राखाडी उजळलेला दिसला. माझा मूळ पडदा ओलेड होता. त्यात काळा भाग म्हणजे विझलेला भाग, अंधारात त्यातून उजेड येतच नाही. दुकानदाराने तो काढून घेऊन स्वस्तातला एलसीडी, म्हणजे मागच्या दिव्याने उजळणारा पडदा, बसवला होता. अधिकृत केंद्रातील तंत्रज्ञाने फोन उघडून दाखवले, की बोर्डावरच्या झाकणाला कोणी हातही लावलेला नाही, म्हणजे रिबॉलिंग झालेच नव्हते. त्यांच्या मते पडल्यामुळे पडद्याची स्ट्रिप कनेक्टरमधून हलली असावी. ती दाबून बसवणे हे काही मिनिटांचे काम. दुरुस्ती समोर बसून करून घ्या आणि काढलेला भाग परत मागा.

पोलीस चौकीत मला तीन वेळा हेलपाटे घालायला लावून शेवटी "हा दिवाणी वाद आहे" असे ऐकवण्यात आले. माझ्या फोनमधला पडदा मला न सांगता काढून घेणे ही चोरी नव्हे, तर काय आहे? ग्राहक तक्रार केंद्राने तर पहिल्यांदा बिलच मागितले. बिल दिले नाही हीच माझी तक्रार आहे, ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मी पुन्हा पुन्हा सांगितले; तरीही बाराव्या दिवशी 'पुराव्याअभावी तक्रार बंद' असा संदेश आला. ज्यांनी फोन डोळ्यांनी पाहिलाही नाही, त्यांनी पुरावा नाही हे कशावरून ठरवले?

जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, वकील सक्तीचा नाही आणि एवढ्या लहान रकमेसाठी शुल्कही लागत नाही. यूपीआयच्या नोंदी, तंत्रज्ञाचा लेखी अहवाल आणि अंधारात काढलेले पडद्याचे छायाचित्र जोडून मी अर्ज दाखल केला आहे. त्यात पैशांच्याही आधी मी माझा मूळ पडदा परत मागितला आहे.