५० किमी ट्रेल रन : खाणंपिणं फर्स्टक्लास, खुणा गायब

रामटेककडच्या रानात झालेल्या ५० किमी ट्रेल रनचा हा रिव्ह्यू. (मॅरेथॉनच्या ४२.१९५ किमीच्या वर गेलं की अल्ट्रा मॅरेथॉन, म्हणून नाव मोठं!) माझा सर्दी-खोकला पुरता गेला नव्हता. ताप नव्हता, छाती मोकळी होती, म्हणून निघालो. ताप असता तर दोस्तांनी माझा बिबच (छातीवरचा नंबर) काढून घेतला असता.

सगळ्यात भारी म्हणजे वाटेतले थांबे. सोललेली संत्री, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, चिक्की, आणि ओआरएस अगदी नीट, एका लिटरला एक पाकीट. बाकी ठिकाणी नुसतं गोड पाणी पाजतात. नाक बंद, चव शून्य, तरी मीठ तेवढं जिभेला कळत होतं. एका थांब्यावरच्या काकू म्हणाल्या, "काऊन रे बाप्पू, खोकत खोकत पळून राह्यला? बस जरासा." बसलो. दोस्तही बसले, त्यांच्या टायमिंगची वाट लागली.

खुणांचं मात्र काही खरं नाही. सागाच्या वाळल्या पानांत चुन्याचे बाण कोण शोधणार? झाडांना रिबिनी बांधा ना! ॲम्ब्युलन्सही फक्त फिनिशला. एक मधे पाहिजेच.

शेवटी तर्री पोहे. तर्री इतकी झणझणीत, की नाक एकदाचं उघडलं. शेवटून मोजलं तर आमचा नंबर बराच वर आहे.