वजन कमी करायचंय, मग पोळी ठेवायची की भाकरी?

डाएट सुरू केलं की घरात पहिली गदा पोळीवर येते. गहू बंद, ज्वारी सुरू. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा तक्ता काढून बघा, १०० ग्रॅम कणीक घ्या, ज्वारी घ्या, बाजरी नाहीतर नाचणी घ्या, कॅलरी सगळ्यांच्या ३२० ते ३५० च्या आसपासच, पांढरा तांदूळ पण फार लांब नाही. फायबर पण न चाळलेल्या कणकेत आणि ज्वारीत जवळपास सारखंच, १० - ११ ग्रॅम. घसरण होते ती मैद्यात आणि पॉलिशच्या तांदळात, तिथे हेच ३ ग्रॅमच्या आत येतं.

त्यामुळे आत्ता ताटात काय आहे त्यावर ठरवा. दोन्ही वेळ भात किंवा सकाळी ब्रेड-खारी असेल तर भाकरीवर या, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि चारच्या चहाला फरसाणाचा डबा उघडायची इच्छा जरा कमी होते. घरच्या दळणाची पोळी खात असाल तर नुसतं धान्य बदलून काटा फारसा हलणार नाही, फक्त कणीक चाळून कोंडा फेकू नका.

अजून एक, नग मोजू नका, पीठ मोजा. मध्यम भाकरीला ५० - ६० ग्रॅम पीठ लागतं आणि फुलक्याला २५ - ३०, म्हणजे तीन फुलके सोडून दोन भाकऱ्या खाल्ल्या तर उलट जास्तच गेलं की पोटात! भाकरीला तेल लागत नाही हा मात्र तिचा खरा प्लस पॉइंट, घडीच्या पोळीत चमचाभर तेल गेलं की ४० - ४५ कॅलरी वाढल्या. (बाजरीवर लोण्याचा गोळा ठेवणाऱ्यांनी हे वाक्य सोडून द्यावं.)

आणि अख्ख्या धान्याने वजन खरंच उतरतं का? अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाने ८१ लोकांना ६ आठवडे जेवण दिलं, अर्ध्यांना अख्खं धान्य, अर्ध्यांना कोंडा काढलेलं. अख्खं धान्यवाल्यांची रोज साधारण ९० कॅलरी जास्त गेली, काही शौचावाटे, काही शरीराने जाळून. ते २०१७ मध्ये छापून आलं. फायदा आहे, पण एका फुलक्याएवढा.

पाकिटातलं मल्टिग्रेन आणि ब्राऊन ब्रेड मी तरी घेणार नाही, मागे घटकांची यादी वाचा, जे सगळ्यात जास्त ते आधी लिहिलेलं असतं आणि बरेचदा पहिलं नाव गहू नाहीतर सरळ मैदाच निघतो. त्यापेक्षा ज्वारी थोडी थोडी दळून आणा, पीठ जुनं झालं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना मोडते. डब्यात भाकरी दुपारपर्यंत कडक होते, म्हणून ऑफिसला कोरडे फुलके आणि रात्री गरम भाकरी हे जमायला सोपं.